धुऱ्याचा हिशेब मांडणारा पंडित
(अकोला जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)



डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव निघाले की कोणी म्हणतो, ते घटनेचे शिल्पकार. कोणी म्हणतो, ते अस्पृश्यांचे पुढारी. दोन्ही खरे. परंतु हा पुरुष मुळात अर्थशास्त्राचा पंडित होता व त्याने आमच्या वावराचा हिशेब मांडला होता, ही गोष्ट कुणब्या-माळ्यांच्या, तेल्या-कोष्ट्यांच्या घरी अजून पोचली नाही. म्हणून आज तेवढेच सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली व 1913 साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडन. मुदत संपली म्हणून 1917 साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून पै-पै जोडली, शाहू महाराजांनी हात दिला, आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाने त्यांना तेथील डॉक्टरची पदवी मिळाली. भाव चढतात तेव्हा मजुरी मागे राहते व तो फरक धंदेवाल्याच्या पदरात पडतो, हे वर्म त्यांनी ओळखले होते.

आता वावराकडे या. बापाचे वावर चार भावांत वाटले जाते, धुऱ्यावरून भाऊ भावाला कोर्टात ओढतो, आणि शहाणे म्हणतात, तुकडे झाले म्हणून तुम्ही दरिद्री. 1918 साली बाबासाहेबांनी लहान शेतीवर निबंध लिहून विचारले : वावर लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून कसे ठरवता? ज्याच्याकडे बैलजोडी नाही, भांडवल नाही, त्याला आहे तेवढेच वावर मोठे होते! शेतीवर रिकाम्या हातांचा भार पडला आहे. त्यांना उद्योगधंदे द्या, म्हणजे शेतीत भांडवल साचेल. रोग वेगळा नि लेप वेगळा, असे चालायचे नाही.

पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलात तुकडेबंदीचे बिल आले. 10 ऑक्टोबर 1927 रोजी बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. लहान खातेदाराचा तुकडा काढून घेतला तर तो भूमिहीन होईल. त्यापेक्षा मालकी ज्याची त्याची ठेवून सहकाराने एकत्र कसा, असे त्यांचे सांगणे होते.

त्यानंतर सुमारे महिन्याभराने, 13 नोव्हेंबर 1927 रोजी, ते अमरावतीस आले. इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली होती, अध्यक्ष तेच. प्रश्न होता अंबादेवीच्या देवळात प्रवेशाचा. बांधवहो, विचार करा! ज्यांच्या जातभाईंना आम्ही आमच्या विहिरीला शिवू देत नव्हतो, देवळाच्या पायरीशी अडवीत होतो, तेच आमचा तुकडा वाचावा म्हणून कौन्सिलात भांडत होते. याची लाज आम्हांस वाटली पाहिजे.

पुढेही त्यांनी हाच रस्ता धरला. 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, 1937 साली कोकणातील खोती मोडण्याचे बिल मांडले. 1938 च्या जानेवारीत कुणबी व महार शेतकरी मिळून मुंबईच्या कौन्सिलावर चालून गेले. 1942 साली ते हिंदुस्थान सरकारचे मजूरमंत्री झाले. कारखान्यातील आठवड्याचे काम 54 तासांवरून 48 तासांवर आणण्याची दुरुस्ती 1946 साली झाली, तिचा पाया त्यांच्याच कारकीर्दीत घातला गेला. 6 डिसेंबर 1956 रोजी ते गेले.

पण आमची पऱ्हाटी तीच, धुराही तोच. सरकी, खत, फवारणी, वेचणी यांचा खर्च किती व कापसाचे हाती आले किती, याचा मेळ किती घरांत लिहिला जातो? व्यापाऱ्याची वही भरलेली नि आमची कोरी! ज्याची वही कोरी त्याचा भाव दुसराच ठरवतो.

तेव्हा तीन गोष्टी करा. घरोघर वही ठेवा, व ती शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती द्या. चार धुऱ्यांचे धनी मिळून बियाणे घ्या, अवजारे घ्या, कापूस एकत्र विका. आणि त्या चारांत बौद्धवाड्यातला भाऊ वगळू नका. त्याला वगळून केलेली बेरीज चुकतेच.