पडदीला साग किती लागतो?

कापसाचे पैसे हाती आले की घराचे काम निघते. मुलाचे लग्न ठरलेले, खोली एकच. मधे लाकडी पडदी घालायची ठरते. सुतार म्हणतो, "वीस घनफूट आणा." पांढरकवडा, पुसद म्हणजे सागाचाच मुलूख, तरी साग काही फुकट मिळत नाही. तेव्हा वीस कसे, ते आधी विचारा.

समजा, पडदी 12 फूट लांब नि 9 फूट उंच आहे. दोन-दोन फुटांवर उभे घेतले तर गाळे सहा, पण उभे सात! इथेच पुष्कळांची चूक होते. सातांचे झाले 63 फूट. खाली, मधे आणि वर आडवे, ते 36. एकूण 99. लाकूड 3 इंच बाय 2 इंच असले तर 24 फुटांचा 1 घनफूट. म्हणजे सांगाडा सव्वाचाराच्या आत; तूट धरून साडेचार.

एका बाजूने फळ्या 108 चौरस फूट. रंधून पाऊण इंच राहायची तर आरागिरणीवर इंचाची चिरावी लागते. 108 भागिले 12, झाले 9. दाराची जागा वजा करू नका, दारालाही फळ्या लागतातच. एखादी फळी चिरकी निघते म्हणून सगळे मिळून पंधरा धरा. वीस नव्हेत.

गुरुजी, हे गणित वर्गात अवश्य घाला. भाव घनमीटरचा सांगितला तर 1 घनमीटर म्हणजे सुमारे 35.3 घनफूट.

पावती नि वाहतूक परवाना जपून ठेवा. खालचा आडवा मातीवर नको, दगडावर बसवा. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, कडेचा पांढरा भाग मात्र ती सोडत नाही. तशी फळी गाडीतून उतरण्याआधीच परत करा.