भुशी डॅम आणि ‘आजवर काही झालं नाही’

पाऊस सुरू झाला की लोणावळ्याचे प्लॅन सुरू. मित्राला म्हटलं, धबधब्यात उतरायचं नाही हं. तो म्हणतो, “अरे, दहा वेळा गेलोय, कधी काही झालं नाही.”

आता नाणं घ्या. सलग चार वेळा छापा पडला, तरी पाचव्या वेळी छाप्याची शक्यता १/२च. नाण्याला मागचं काही आठवत नाही. अशा घटनांना स्वतंत्र घटना म्हणतात, आणि त्यांच्या शक्यतांचा सरळ गुणाकार चालतो. सलग पाच छापे, १/३२.

गडबड होते ती इथे. समजा, पावसाळ्यात पाचातल्या एका दिवशी ओढ्याला लोंढा येतो, आणि पाचातल्या एका दिवशी आपण तिथे जातो. दोन्ही एकाच दिवशी? १/५ गुणिले १/५, म्हणजे १/२५. बरं वाटलं ना? पण आपण दिवस निवडतो तोच मुळी धो धो पावसाचा! मग १/२५ कुठला, आकडा १/५कडे सरकतो.

३० जून २०२४, रविवार. भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तिथे पाच जणांचे पाच वेगळे गुणाकार नव्हते. लोंढा एकच होता.

मित्राला नंतर खोदून विचारलं. दहापैकी आठ वेळा, म्हणे, पाणी जेमतेम घोट्यापर्यंत होतं.