कोरोनाला लाल रंग कुणी दिला?

क्षणभर डोळे मिटा आणि कोरोनाचा विषाणू आठवून बघा. करडा गोळा आणि त्यावर लालभडक तुरे. आठवला ना?

आता गंमत ऐका. या विषाणूला रंगच नसतो. तो असतो साधारण 100 नॅनोमीटरचा. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची सगळ्यात छोटी लहरसुद्धा 400 नॅनोमीटरच्या आसपास असते. एवढ्या बारक्या गोष्टीला आपण म्हणतो तसा रंग कुठून येणार? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले त्याचे फोटो मुळात कृष्णधवलच असतात.

मग तो लाल आला कुठून? अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या वैद्यकीय चित्रकारांनी तो 2020च्या सुरुवातीला निवडला. पण मनाला येईल तसा नाही हं! विषाणूच्या पृष्ठभागावर तीन प्रकारची प्रथिनं असतात. त्यातलं स्पाइक प्रथिन आपल्या पेशीला चिकटतं, म्हणजे खरा उपद्रवी तोच. म्हणून तोच सगळ्यात ठळक. महत्त्वाचं काय ते विज्ञान सांगतं, आणि बघणाऱ्याची नजर आधी कुठे जाईल ते चित्रकार ठरवतो.

चित्राचं काम होतं, 'हे प्रकरण गंभीर आहे' असं एका नजरेत सांगणं. ते त्यानं चोख केलं. पण साबणानं हात का धुवायचे, हे त्यातून कळतं का? नाही. कारण विषाणूचं आवरण चरबीसारख्या पदार्थाचं असतं आणि साबण ते फोडतो, ही गोष्ट बाहेरून दिसतच नाही. डेव्हिड गुडसेल हे जीवशास्त्रज्ञही आहेत आणि चित्रकारही. त्यांनी त्याच वर्षी जलरंगात विषाणूचा आडवा छेद रंगवला. त्यात आवरण दिसतं, आतला आरएनए दिसतो. साबणाची गोष्ट या चित्रावर बोट ठेवून सांगता येते.

म्हणून मला वाटतं, "मजकूर तयार आहे, आता जरा छान दिसेल असं करून द्या" म्हणत डिझायनरला शेवटी बोलावणं चुकीचंय. तो पहिल्या बैठकीतच हवा. म्हणजे तो विचारेल, 'हे बघून लोकांनी नेमकं करायचं काय?' या एका प्रश्नानं चित्रच बदलतं.

आणि शास्त्रज्ञानंही शेवटपर्यंत सोबत राहायला हवं. कारण माहिती पुढे सरकते. स्पाइक ताठ उभे नसतात, बुडाशी वाकतात, डोलतात, हे नंतरच्या निरीक्षणांत दिसलं. आपल्या डोक्यातले तुरे मात्र अजून ताठच आहेत! एकदा मनात बसलेलं चित्र सहजासहजी हलत नाही. त्यामुळे यातलं माहीत असलेलं किती आणि आपण निवडलेलं किती, हे चित्राखाली एका ओळीत लिहायला काय हरकत आहे?

तुम्ही विज्ञानावर रील किंवा पोस्टर करत असाल, तर ती एक ओळ नक्की टाका. आणि फॉरवर्ड होऊन आलेलं एखादं रंगीबेरंगी चित्र दिसलं, तर पुढे ढकलण्याआधी विचारा: हे रंग कुणी दिले, आणि कशासाठी?

भेटू पुढच्या भागात!