आभासी सोहळ्याचा मुऱ्हाळी



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेचे विद्यार्थी एका गावात राहत नाहीत. रायपूरला शिकलेली मुले भिलाई, नागपूर, पुणे येथे आणि परदेशीही स्थिरावतात. त्यामुळे मेळाव्याचे निमंत्रण छापील पत्रिकेबरोबरच मोबाइलवरील एका दुव्याच्या रूपानेही जाते. तरुणांना तो दुवा म्हणजे उघडे दार वाटते. पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांना आणि त्या काळच्या शिक्षकांना मात्र ते दार पुष्कळदा बंदच असते.

ही हानी केवळ त्यांची नाही. शाळेचे दप्तर प्रवेशाची तारीख सांगते. पहिले वर्ग कसे भरले, हिंदी आणि छत्तीसगढी बोलणाऱ्या शहरात मराठी माध्यमाचा आग्रह पालकांनी का धरला, हे मात्र माणसेच सांगू शकतात. ती माणसे सोहळ्याबाहेर राहिली, तर शाळेचा आरंभच सोहळ्याबाहेर राहतो.

सणावाराला लेकीला नुसते बोलावणे धाडून मराठी घरांचे भागत नसे. तिला आणायला भाऊ किंवा घरचे कोणी मुऱ्हाळी म्हणून जात असे. तिचे येणे ही माहेरची जबाबदारी मानली जाई. आभासी कार्यक्रमातही दुवा हे केवळ बोलावणे आहे. पाहुण्याला आत आणणे हे यजमानाचे काम आहे.

छत्तीसगडला हा विचार नवा नाही. टाळेबंदीत, 7 एप्रिल 2020 रोजी, राज्यात ‘पढई तुंहर दुआर’ ही ऑनलाइन शिक्षणाची योजना सुरू झाली. परंतु जिथे स्मार्टफोन नव्हता किंवा नेटवर्क पोहोचत नव्हते, तिथे दुवा निरुपयोगी होता. म्हणून पुढे ‘पढई तुंहर पारा’मधून वस्तीतच वर्ग भरले, बस्तरच्या काही गावांत ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले आणि ‘बुलटू के बोल’ या उपक्रमात धड्यांचे ध्वनिमुद्रण ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेले. त्याही आधी, 2010 पासून, ‘सीजीनेट स्वर’ने साध्या फोनवरून आपले म्हणणे ध्वनिमुद्रित करण्याची सोय गोंडी भाषकांसह अनेकांना दिली होती. या सर्वांमागील सूत्र एकच: माणसाजवळ जे साधन आहे, तिथून वाट काढावी.

शाळेच्या मेळाव्यासाठी ही वाट अवघड नाही. प्रत्येक ज्येष्ठासाठी नंतरच्या तुकडीतील एकाने मुऱ्हाळी व्हावे. त्याने संदेश न पाठवता फोन करावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: घरात कोणते साधन आहे, त्या वेळी सोबतीला कोण असेल, आणि ऐकण्या-पाहण्याची काही अडचण आहे का.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, त्याच साधनावर रंगीत तालीम घ्यावी. आत येणे, ऐकू येणे, आपला आवाज पोहोचवणे आणि बाहेर पडणे, एवढ्या चारच गोष्टी पुरेत. ‘अनम्यूट करा’ म्हणण्याऐवजी ‘खाली माइकचे चित्र आहे, त्यावर एकदा बोट टेकवा’ असे सांगावे. या पायऱ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फोनजवळ ठेवाव्यात.

घरातील नातवंडे घाईने आजी-आजोबांच्या हातून फोन काढून घेतात आणि क्षणात काम उरकतात. काम होते, शिकणे होत नाही. पाटीवर अक्षर गिरवताना पेन्सिल मुलाच्याच हाती असावी लागते. इथेही बोट शिकणाऱ्याचे असावे आणि धीर शिकवणाऱ्याचा.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी दूरध्वनीचे दार उघडे ठेवता येते. झूमच्या सभेला फोनवरून जोडण्याची सोय संयोजकाने घेतली असेल, तर साध्या फोनवरूनही बोलता येते. तिथे तारांकन आणि 6 दाबल्याने आवाज सुरू वा बंद होतो, तारांकन आणि 9 दाबल्याने हात वर होतो. ती सोय नसेल, तर मुऱ्हाळ्याने दुसऱ्या फोनवर त्यांना जोडून तो फोन संगणकाजवळ धरावा. ज्यांना ऐन वेळी बोलणे जमणार नाही, त्यांची आठवण आधीच ध्वनिमुद्रित करून त्यांच्या उपस्थितीत ऐकवावी.

वेळेचेही भान हवे. झूमची विनामूल्य सभा 40 मिनिटांत संपते. आत येण्यातच दहा मिनिटे गेली, तर बोलणे अर्धवट तुटते. रायपूरला सायंकाळचे सात वाजतात, तेव्हा हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेआठ झालेले असतात. ही वेळ दोन्हीकडच्या वृद्धांना सोयीची आहे. सभा अर्धा तास आधी उघडावी. एका स्वयंसेवकाकडे केवळ अडलेल्यांचे फोन घेण्याचेच काम द्यावे. सूत्रसंचालकाने ज्येष्ठांना नावाने बोलवावे आणि मग थांबावे. माइकचे चित्र शोधायला वेळ लागतो. ती दहा सेकंदांची शांतता भरून काढण्यासाठी पुढचे नाव पुकारले, की संकोची माणूस पुन्हा बोलत नाही.

मदतीच्या मिषाने फसवणूक होऊ नये, याचीही काळजी घ्यावी. मेळाव्यासाठी कोणालाही ओटीपी किंवा बँकेची माहिती द्यावी लागत नाही. फोनचा ताबा दुसऱ्याकडे देणारे ॲप कोणी घ्यायला सांगितले, तर फोन ठेवावा. पैशांची फसवणूक झालीच, तर 1930 हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक तत्काळ लावावा.

मेळाव्यानंतर किती जण जोडले गेले, हा आकडा पडद्यावर आपोआप दिसतो. त्यातील किती ज्येष्ठ प्रत्यक्ष बोलले, हे कोणी तरी वहीत लिहून ठेवावे लागते. संयोजन समितीने ती वही ठेवावी आणि जे येऊ शकले नाहीत, त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी फोन करावा. सोहळा संपला, तरी त्यांची आठवण नोंदवून घेण्याची वेळ तेव्हाही गेलेली नसते.