रंगाने दाखविलेली वाट
(आमच्या महिला मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, द्वारका येथे केलेले भाषण)



मी काही डॉक्टरीण नव्हे. परंतु थोरल्या जाऊबाईंच्या दुखण्यात रुग्णालयाच्या बाकावर बसून जे शिकले आणि पुढे विचारून-वाचून जे समजले, ते आज तुमच्यापुढे मांडते.

२००९ साली जाऊबाईंच्या स्तनातली कर्करोगाची गाठ मुंबईस काढली. देवाच्या दयेने त्या आज हिंडत्याफिरत्या आहेत. पण काखेतल्या ग्रंथीही काढाव्या लागल्या आणि उजवा हात सुजला तो सुजलाच. पाटल्या कापून काढाव्या लागल्या. चार पोळ्या लाटल्या की हात खाली ठेवतात.

पायाला ठेच लागली की जांघेत अवधाण येते, हे आपण जाणतो. ती अवधाणाची गाठ म्हणजे सुजलेली लसिका-ग्रंथी. स्तनाचा कर्करोग पसरू लागला की बहुधा काखेतल्या अशा ग्रंथींत प्रथम शिरतो. कोणत्या ग्रंथीत शिरला हे डोळ्यांना कळत नसे, म्हणून पूर्वी सरसकट काढीत. आता स्तनात रंग टोचतात. नाशिकरोडहून गावात येणाऱ्या गाडीला जशी आधी द्वारका लागते, तशा त्या रंगाच्या वाटेवर पहिल्या लागणाऱ्या एक-दोन ग्रंथी असतात. तेवढ्याच काढून तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्या सहसा राहू देतात, आणि हात सुजण्याचे भय पुष्कळ कमी होते.

त्यासाठी निरनिराळी द्रव्ये आहेत. 'इंडोसायनिन ग्रीन' हा हिरवा रंग त्यांतलाच. फोटोच्या फिल्मा करणाऱ्या कोडॅक कंपनीने तो १९५० नंतरच्या दशकात तयार केला. गणपतीच्या देखाव्यात जांभळा दिवा लावला की पांढरे कपडे कसे लखलखतात, ते पाहिलेत ना? एक प्रकाश प्यायचा आणि दुसरा बाहेर टाकायचा, असा काही द्रव्यांचा स्वभावच असतो. या हिरव्या रंगाचे तेज मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. खास कॅमेरा ते टिपतो आणि पडद्यावर दाखवितो.

मेंदूच्या शस्त्रक्रियेत तर याचे मोल अधिक. तिथे जास्त कापले तर वाचा जाईल, कमी कापले तर रोग उरेल. १९४८ साली अमेरिकेत डॉ. जॉर्ज मूर यांनी पिवळ्या रंगाने मेंदूतली गाठ ओळखण्याचा प्रयत्न केला. आता '५-एएलए' नावाचे औषध शस्त्रक्रियेपूर्वी काही तास पाजतात. निळ्या उजेडाखाली काही जातींची गाठ लालसर चमकते. २००६ साली जर्मनीतील पाहणी प्रसिद्ध झाली. तीत या औषधाने शंभरांतल्या ६५ रोग्यांची, तर साध्या उजेडात ३६ रोग्यांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या डॉ. अलीअसगर मोइयादी यांनी हे औषध वापरून त्यावर निबंध लिहिले. हा उजेड आणि सोनोग्राफी एकमेकांना पूरक आहेत, असे त्यांनी २०१४ साली मांडले. अर्थात गाठ निघाली म्हणजे रोग समूळ गेला, असे नव्हे. औषध घेतल्यावर एक-दोन दिवस प्रखर उजेडापासूनही जपावे लागते.

आता मनातले सांगते. जाऊबाईंच्या हाताला गाठ लागली तेव्हा त्यांनी ती मला सांगितली होती. घरात मुलीचे लग्न ठरले होते. "लग्न होऊन जाऊ दे," असे मीच म्हटले. सहा महिने गेले. मुंबईस पोचलो तेव्हा काखेतल्या गाठी हाताला लागत होत्या, आणि तपासणीत रोग तिथवर गेलेला निघाला. पहिली ग्रंथी शोधण्याची वेळ केव्हाच टळली होती. रंग असता तरी त्याने काय दाखविले असते?

म्हणून माझे एवढेच मागणे. रंग वाट दाखवितो खरा, पण दवाखान्याची वाट आपल्यालाच धरावी लागते. गाठ लागली तर लाजू नका, झाकू नका, मुहूर्त पाहू नका. आणि कुणी तुम्हांला विश्वासाने सांगितले, तर मी म्हटले तसे म्हणू नका. तिचा हात धरून त्याच आठवड्यात निघा.