साहिब, सिंध आणि सुलतान

(मदतनिधी कार्यक्रमात, दुबई मरीना येथे केलेले भाषण)



आज इथे बरेच जण मेट्रोने आले असतील. पुढच्या काचेपाशी उभं राहायला मुलांची किती धडपड चालते! कारण तिथे ड्रायव्हरच नसतो. मरीनातल्या ट्रॅमला तेवढा तो आहे. अशा गावात आम्ही आज बोलणार आहोत वाफेच्या इंजिनांबद्दल, आणि तीही आपल्या मुंबईच्या.

तारीख १६ एप्रिल १८५३, वार शनिवार. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. अंतर २१ मैल. गाडीला इंजिने तीन होती : साहिब, सिंध आणि सुलतान.

ही तिघं एका लहानशा कुटुंबातली. जी.आय.पी. रेल्वेसाठी इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने १८५२ साली अशी आठच इंजिने बांधली. सुएझ कालवा खुला झाला १८६९ मध्ये. म्हणजे बघा, ही अवजड इंजिने आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला आली. आपल्या शेजारच्या जेबेल अलीत रोज कंटेनर उतरताना पाहणाऱ्यांना त्या खटाटोपाची कल्पना येईल.

त्यांची घडणही समजून घेण्याजोगी आहे. पुढे दोन लहान चाके, मागे चार मोठी. पिस्टन एकदा पुढे-मागे झाला की मोठ्या चाकाचा एक फेरा पुरा. म्हणून चाक जेवढं मोठं, तेवढी गाडी वेगवान. पण ओझं ओढायचं तर रुळावर पकड हवी. त्यासाठी मागची चारही चाके दांड्याने जोडलेली. वेग आणि ताकद, दोन्हींचा मेळ.

आज या आठांपैकी एकही शिल्लक नाही. याउलट बंगालकडे १८५५ साली बांधलेली फेअरी क्वीन पाहा. निवृत्तीनंतर ती कुणीतरी जपून ठेवली, दिल्लीच्या संग्रहालयात नेली, आणि १९९७ मध्ये ती पुन्हा दिल्ली-अलवर धावली! वस्तू आपोआप टिकत नाही, मंडळी. ती टिकवणारे हात लागतात.

आणि हातांवरूनच मुद्द्यावर येतो. साहिब, सिंध, सुलतान ही नावं शाळेतली मुलंही सांगतात. नाना शंकरशेटांचं नाव आपण अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवं. पण त्या दिवशी भट्टीत इंधन कुणी टाकलं? रूळ कुणी अंथरले? पुढे बोरघाट फोडताना ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी हजारो गेले. घाट १८६३ मध्ये खुला झाला. इंजिनांची नावं राहिली, माणसांची राहिली नाहीत.

आपण जिथे बसलोय ते मरीनाही असंच. बाहेर दिसणारं पाणी निसर्गाने आणलेलं नाही, माणसांनी वाळवंट खणून आत घेतलंय. खणणाऱ्यांपैकी किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

आजचा निधी गावाकडच्या कष्टकरी घरांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी आहे. त्यांचे खापरपणजोबा कदाचित त्याच घाटात राबले असतील, कोण जाणे! तेव्हा ही मदत उपकार म्हणून नको. जुनं देणं समजून द्या.

एक छोटी विनंती. या पुस्तिकेत देणगीदारांची नावं छापली जातीलच. त्यांच्याच शेजारी, त्याच टाइपात, खुर्च्या लावणाऱ्यांची, चहा करणाऱ्यांची आणि सभागृह झाडणाऱ्यांचीही नावं छापू या. आठ इंजिनांच्या बाबतीत जी चूक झाली, ती निदान आपल्या मंडळात नको.