दुखणं सांगायची भाषा



मानसिक आरोग्यावरचं हे संमेलन पनवेलला भरतंय, याचं मला मनापासून समाधान आहे. इथली नगरपालिका १८५२ सालची, महापालिका २०१६ची. मधल्या काळात या गावात किती बोली येऊन राहिल्या! आगरी आणि कोळी मूळचे, डोंगराकडेला कातकरी वाड्या, घाटावरून नोकरीसाठी उतरलेली सातारा-सांगलीची कुटुंबं, आणि आता सिडकोच्या वसाहतींत देशभरातली माणसं. इथल्या कुठल्याही ओपीडीच्या बाकावर तासभर बसलं, तर एकाच दुखण्याची पाच-सहा वर्णनं कानावर येतात. आतल्या केसपेपरवर मात्र सगळ्यांसाठी एकच भाषा असते, इंग्रजी. बाकावरून टेबलापर्यंतच्या त्या चार पावलांत काय होतं, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. डिप्रेशन, अँक्झायटी, बायपोलर, ओसीडी, पॅनिक अटॅक हे शब्द मराठीत आले आहेत आणि ते राहणार आहेत. त्यांना हाकलायची मोहीम मला नको आहे, कारण त्यांनी आपलं मोठं काम केलं आहे. आपल्याकडे गावांची नावंसुद्धा शिवी म्हणून वापरली गेली. ‘ठाण्याला पाठवा याला’, ‘येरवड्याहून सुटून आलाय का?’ ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं लोकांच्या तोंडी ‘वेड्यांचं इस्पितळ’ म्हणूनच राहिली. कायद्याची भाषाही याहून निराळी नव्हती. १९१२च्या कायद्याचं नावच इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट होतं. अशा समाजात एखादी मुलगी वडिलांना ‘बाबा, मला डिप्रेशन आलंय, डॉक्टरकडे जायचंय’ असं म्हणू शकते, ती या परक्या शब्दाच्या आधारानेच. त्या शब्दाला चावडीवरच्या कुजबुजीचा वास नाही. तिच्या तोंडून तो काढून घ्यायचा अधिकार कोणाही भाषाप्रेमीला नाही.

माझी तक्रार नामांबद्दल नाहीच. ती विशेषणांबद्दल आहे.

मराठीत दुखणं माणसाला होतं. ताप येतो, भूक लागते, तशीच धास्ती वाटते, उदास वाटतं, वेडसुद्धा लागतं. वाक्यात माणूस ‘मला’, ‘तिला’, ‘त्याला’ असा येतो आणि आजार त्याच्याकडे येतो. आलेली गोष्ट जाऊही शकते, ही आशा त्या विभक्तीतच आहे. इंग्रजीतून मात्र आपण आजारांच्या नावांबरोबर ‘मी डिप्रेस्ड आहे’, ‘ती बायपोलर आहे’, ‘तो स्किझोफ्रेनिक आहे’ ही घडणही उचलली. इथे आजार आणि माणूस यांच्यात अंतरच उरलं नाही. ज्याला स्किझोफ्रेनिया आहे, तो कुणाचा भाऊ असतो, चांगला सुतार असतो, भजनात पखवाज वाजवत असतो. ‘तो स्किझोफ्रेनिक आहे’ म्हटलं की ते सगळं पुसलं जातं. खुद्द इंग्रजी बोलणारे डॉक्टर आणि रुग्णांच्या संघटना ही घडण टाळायला सांगत आहेत. २०१७च्या आपल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ अशीच रचना आहे. आपण मात्र ज्या व्याकरणात ही सोय पहिल्यापासून होती, तेच सोडून चाललो आहोत. मराठी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. वेडा, खुळी, भ्रमिष्ट, चक्रम ही विशेषणं आपलीच. म्हणून तर नव्या शब्दांबरोबर जुनी खोड परत येऊ नये, असं वाटतं.

आता बाकावरच्या भाषेकडे वळते. ‘यानं हाय खाल्लीय.’ ‘तिनं धसका घेतलाय.’ ‘जिवाला घोर लागलाय.’ ‘लेकराच्या आठवणीनं झुरतेय.’ ‘कशात मन लागत नाही.’ ‘उमेदच गेली.’ तज्ज्ञांनी ही वाक्यं कान देऊन ऐकावीत. हाय खाणं आणि धसका घेणं यांत फरक आहे. हाय खाण्यामागे बहुधा काहीतरी गमावलेलं असतं, आणि धसक्यामागे काहीतरी अचानक घडलेलं असतं. म्हणजे सांगणाऱ्या आईने लक्षणाबरोबर कारणही सांगून टाकलेलं असतं. आपण केसपेपरवर तीन इंग्रजी अक्षरं लिहितो आणि ते कारण टेबलाखाली पडतं. याच भागात १९७०पासून सिडकोसाठी जमिनी गेल्या. भातशेती आणि मिठागरं गेल्यावर, हाती पैसे असूनही, गप्प होत गेलेला एखादा आगरी आजोबा ‘हाय खाल्ली’ या दोन शब्दांत जेवढा उमगतो, तेवढा निदानाच्या नावात उमगत नाही. औषध त्याला लागेलच. पण त्याच्याशी बोलायचं काय, हे त्या दोन शब्दांतून कळतं.

आणि ‘मंत्रचळ’! हात पुन्हा पुन्हा धुणं, कडी पुन्हा पुन्हा तपासणं, नको असलेला विचार हटता हटत नसणं, यासाठी आपल्याकडे इतका नेमका शब्द असताना तो आपण जवळपास विसरलो. टापटीप आवडणारा कोणीही आज हौसेने ‘मला ओसीडी आहे’ म्हणतो. ज्याची सकाळ नळाखालीच संपते, त्याच्या यातनेची त्यात काय किंमत राहते?

जुनं ते सगळं घ्यावं असंही नाही. लागीर, बाहेरची बाधा, करणी हे शब्दही याच भांडारातले आहेत, आणि त्यांनी माणसांना दवाखान्याऐवजी मांत्रिकाच्या दारात नेलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर होते. अंगात येण्यामागचं मानसिक दुखणं ओळखा, असं ते आणि त्यांचे सहकारी सांगत राहिले. २०१३मध्ये त्यांची हत्या झाल्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. आजार कळण्यापासून दूर नेणारा शब्द कितीही देशी असला, तरी तो मला नको.

पारिभाषिक शब्दांबद्दल थोडक्यात सांगते. स्किझोफ्रेनियासाठी ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द आपल्याकडे छापला जातो. ग्रीक मुळाचं ते इमानी भाषांतर आहे, पण मन छिन्न झालंय असं कोणत्या आईला सांगायचं? जपानमध्ये हाच पेच होता. तिथल्या जुन्या नावाचा अर्थ मन दुभंगण्याचा आजार असा होता, आणि ते उच्चारायला नको म्हणून डॉक्टर रुग्णाला निदान सांगायचंच टाळत. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने आग्रह धरला आणि २००२ साली तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने नाव बदललं. त्यानंतर थोड्याच वर्षांत निदान मोकळेपणाने सांगण्याचं प्रमाण खूप वाढलं. आपल्याकडे हे काम निम्मं कलावंतांनी केलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४च्या ‘देवराई’ने स्किझोफ्रेनिया हा शब्द घाबरवणारा न ठेवता भावा-बहिणीच्या गोष्टीत आणून बसवला. तेवढं बळ एकट्या कोशात नसतं.

पत्रकार मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘कर्जाला कंटाळून’, ‘आजारपणाला कंटाळून’, ‘नैराश्यातून’ असे मथळे आपण वर्षानुवर्षं छापत आहोत. कंटाळा आपल्याला रोजच्या कामाचा येतो. मरण जवळचं वाटू लागलेल्या माणसाची अवस्था कंटाळ्याची नसते. त्याला दुसरी वाटच दिसेनाशी झालेली असते, आणि त्यामागे क्वचितच एकुलतं एक कारण असतं. मथळ्यात ते एकच कारण छापलं, की त्याच कर्जाखाली जगणाऱ्या शेजाऱ्यालाही तोच शेवट स्वाभाविक वाटू लागतो. अशा बातम्या कशा द्याव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९मध्ये स्वीकारली आहेत. ती मराठी संपादकांच्या टेबलावर असायला हवीत. बातमीखाली टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या आणि त्यावर मराठीतही बोलता येतं हेही लिहा.

इथून जवळच, याच रायगड जिल्ह्यात, कर्जतला श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना तिथे आणून उपचार करतात आणि देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवतात. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बरं होऊ लागलेला माणूस आपल्या भाषेत आपल्या गावाचं नाव सांगतो, तेव्हा ते समजून घेणारं कोणीतरी समोर लागतं. तसं कोणी नसेल, तर औषध लागू पडूनही तो घरी पोहोचणार नाही.

म्हणून या संमेलनाकडे माझं एक नेमकं मागणं आहे. गावोगावी प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. त्यातलं एखादं इंग्रजी वाक्य कोणी ‘कार्यांमध्ये अल्प स्वारस्य वाटणे’ असं उतरवलं, तर ते वाचून दाखवणारी आशाताई आणि ऐकणारी बाई, दोघीही ‘नाही’वर खूण करून मोकळ्या होतील. ‘गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं किती दिवस झालं?’ असं विचारलं, तर ती बाई पदर सावरून बोलायला लागेल. समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा २०१७च्या कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे. उद्याच्या गटचर्चेत डॉक्टर, आशाताई आणि लेखक यांनी एकत्र बसावं. वापरातली एक प्रश्नावली घ्यावी, तिचं वाक्य न् वाक्य मोठ्याने वाचावं आणि जिथे अडखळायला होईल तिथे बदलावं. आगरी, कातकरी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यांकडून ती तपासून घ्यावी. तज्ज्ञांनी तिची शास्त्रीय चाचणी करावी, आणि मग ती आरोग्य विभागाकडे पाठवावी. चर्चेसाठी अशा एका प्रश्नावलीच्या प्रती मी बरोबर आणल्या आहेत. भाषण संपल्यावर त्या दाराशी मिळतील.